मतदाराच्या दारी

(चिंचवड येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



देशोदेशींच्या निवडणूक प्रचाराच्या पद्धती हा विषय आजच्या व्याख्यानासाठी ठरला, तेव्हा हा विद्यापीठातला विषय चिंचवडला कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. माझे उत्तर असे की, महाराष्ट्रात या विषयाला याहून योग्य स्थान शोधूनही सापडणार नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर टेल्को आली, बजाज आली आणि पाहता पाहता भोसरीपासून तळेगावपर्यंतचा माळ भोंग्यांच्या तालावर जागू लागला. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. जपानी ब्रिजस्टोनचे टायर तेथेच तयार होतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना आता कोरियाच्या ह्युंदाईकडे आहे. समोर बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची मुले प्रशिक्षणासाठी स्टुटगार्टला, नागोयाला, डेट्रॉइटला जाऊन आलेली आहेत.

ती मुले परत आली की हमखास एक वाक्य ऐकावयास मिळते : "तिकडे निवडणूक चालू आहे हे कळतसुद्धा नाही!" आणि मग आपल्या ढोलताशांची, झेंड्यांची, दुचाकी फेऱ्यांची थट्टा होते. दुसरीकडे आपल्यातच असे लोक आहेत की, जगातील सर्वांत मोठी लोकशाही एवढे चार शब्द उच्चारले की त्यांना आणखी काही शिकावयाचे उरत नाही. या दोन्ही वृत्तींचा उपयोग नाही. प्रचार हा आरसा आहे असे आपण नेहमी म्हणतो. मला तो दरवाजासारखा वाटतो. मतदाराच्या दारापर्यंत कोणी यावे, केव्हा यावे आणि येताना हातात काय आणावे, याचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या अनुभवाने आणि भयानेही दिलेले आहे. आज तेवढेच पाहू.

आधी थोडे अंकगणित. आपल्या चिंचवड विधानसभा मतदारसंघात सहा लाखांहून अधिक मतदार आहेत. मावळ लोकसभा मतदारसंघ पिंपरी-चिंचवडपासून घाट उतरून कर्जत, पनवेल, उरणपर्यंत पसरलेला आहे आणि २०२४ मध्ये तेथे पंचवीस लाखांवर मतदार होते. ब्रिटनच्या संसदेचा मतदारसंघ सरासरी त्र्याहत्तर हजार मतदारांचा असतो. म्हणजे एकट्या चिंचवडच्या आमदाराच्या पदरात ब्रिटनचे आठ खासदार मावतात! आता खर्चाची मर्यादा पाहा. जानेवारी २०२२ मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारास चाळीस लाख आणि लोकसभेच्या उमेदवारास पंच्याण्णव लाख रुपये खर्च करता येतात. भागाकार करा. चिंचवडमध्ये मतदारामागे सहा-साडेसहा रुपये, मावळमध्ये चार रुपयेसुद्धा नाहीत. साध्या पत्राला पाच रुपयांचे तिकीट लागते. कायदा पाळणारा लोकसभेचा उमेदवार प्रत्येक मतदाराला एक पत्रही टपालाने धाडू शकत नाही.

मग तो मतदारापर्यंत पोहोचणार कसा? पायी. स्वतःच्या आणि कार्यकर्त्यांच्या पायांनी. याचा अर्थ, आपल्या निवडणूक कायद्याने विनामूल्य राबणारा कार्यकर्ता गृहीतच धरलेला आहे. हे कलम कोठेही लिहिलेले नाही, पण भागाकारात ते स्वच्छ दिसते. माझ्या साऱ्या विवेचनाचा हा पाया आहे. इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहिले की आपल्या उत्तराचे मोल कळते.

ब्रिटनपासून आरंभ करू, कारण निवडणुकीचा साचा आपण तेथूनच घेतला. एकोणिसाव्या शतकात तेथील उमेदवार मतदारांना दारू पाजत, पैसे वाटत, आणि मतदान उघड असल्यामुळे दिलेल्या पैशाची वसुलीही होत असे. १८७२ साली गुप्त मतदान आले. १८८३ साली भ्रष्ट आचारांविरुद्धचा कठोर कायदा झाला आणि उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा पडली. पैशाने माणसे जमविणे अशक्य झाल्यावर पक्षांना स्वयंसेवक उभे करणे भाग पडले. आजही तेथील कार्यकर्ता मतदार यादी हातात घेऊन दार वाजवितो, कोणाकडे कल आहे ते विचारून नोंद करतो आणि मतदानाच्या दिवशी फक्त आपल्या मतदारांना बाहेर काढतो. दूरचित्रवाणीवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास तेथे बंदी आहे. उलट प्रत्येक उमेदवाराचे एक पत्रक टपाल खाते प्रत्येक मतदाराकडे विनामूल्य पोहोचविते. आपल्या भागाकारातील पाच रुपयांचे तिकीट तेथे सरकार लावते!

लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस लंडनला पोहोचले आणि डिसेंबरात ब्रिटनची सार्वत्रिक निवडणूक झाली. तीस वर्षांवरील स्त्रियांना मताधिकार मिळालेली ती पहिली निवडणूक. लोकमान्यांनी मजूर पक्षाला दोन हजार पौंडांची देणगी दिली, हे प्रसिद्धच आहे. खटला ते हरले, पण वर्षभर त्या देशाचे राजकारण त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर एप्रिल १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. निवडणुकीपूर्वी मतदारासमोर लेखी वचन ठेवावयाचे, ही गोष्ट महाराष्ट्राने अशा थोर हातून उचललेली आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी लोकमान्य गेले. तो पक्ष निवडणुकीत कसा उतरला असता, हा आता केवळ तर्काचा विषय आहे.

आता पूर्वेकडे वळू. जपानचा प्रचार पाहणारा भारतीय चक्रावून जातो. तेथे दारोदार जाऊन मत मागणे हा गुन्हा आहे. १९२५ साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला तेव्हापासूनची ही बंदी आजही टिकून आहे. बंद दाराआड लाच दिली जाईल, हे भय त्यामागे मुख्यत्वे सांगितले जाते. मग उमेदवार करतो काय? पांढरे हातमोजे घालून ध्वनिक्षेपक लावलेल्या छोट्या गाडीतून सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत हात हलवीत फिरतो आणि स्वतःचे नाव पुन्हा पुन्हा उच्चारतो. नाव एवढ्यासाठी की, जपानी मतदाराला मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहावे लागते. त्यामुळे अवघड चित्रलिपीतील नाव असलेले उमेदवार प्रचारात आपले नाव सोप्या अक्षरांत लिहितात. लोकप्रतिनिधी सभागृहाच्या निवडणुकीचा अधिकृत प्रचार अवघा बारा दिवस. भित्तिपत्रके वाटेल तेथे लावता येत नाहीत. पालिका ठिकठिकाणी फळे उभारते, त्यावर चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक उमेदवाराने आपल्या क्रमांकाच्या चौकोनातच पत्रक चिकटवावयाचे. लहान-मोठा उमेदवार तेथे एकाच मापाचा होतो.

खाण्यापिण्याचा नियम तर विलक्षण आहे. प्रचारात चहा आणि त्यासोबतचा नेहमीचा गोड खाऊ याखेरीज काहीही देता येत नाही. २०१४ मध्ये जपानच्या न्यायमंत्री मात्सुशिमा मिदोरी यांना मंत्रिपद सोडावे लागले. आरोप काय, तर मतदारसंघातील उत्सवात त्यांनी स्वतःचे चित्र असलेले कागदी पंखे वाटले. पंखे! आपल्याकडे कुकर, मिक्सर आणि भिंतीवरची घड्याळे वाटून झाल्यावरही कोणाची झोप मोडत नाही.

पण जपानला देवघरात बसविण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये हिरोशिमातील वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत पत्नीला निवडून आणण्यासाठी कावाई कात्सुयुकी या खासदाराने स्थानिक पुढाऱ्यांना रोख रकमा वाटल्या. पुढे तेच देशाचे न्यायमंत्री झाले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. दार बंद केले म्हणजे पाकीट थांबते असे नाही, ते मागच्या अंगणातून फिरते. शिवाय बंदीची किंमत नवख्याला मोजावी लागते. ज्याचे वडील आणि आजोबा त्याच मतदारसंघातून निवडून आले, त्याचे समर्थक मंडळ वर्षभर तयार असते. नवा मनुष्य मात्र बारा दिवस गाडीतून हात हलवीत राहतो. जपानच्या संसदेत घराण्यांचे जे प्राबल्य दिसते, त्याची एक मुळी येथे आहे, असे माझे मत आहे.

तरीही त्या देशाची एक गोष्ट मनात घर करते. शिंझो आबे हे जपानचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेले नेते. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात रेल्वे स्थानकाजवळ रस्त्यावर उभे राहून, आपल्या पक्षाच्या एका उमेदवारासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर ते बोलत होते. मंडप नाही, भव्य व्यासपीठ नाही, मालमोटारींतून आणलेली गर्दी नाही. तेथेच मारेकऱ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. भारताच्या या मित्राच्या मृत्यूने आपण सारेच व्यथित झालो. पण माजी पंतप्रधानही चौकात उभा राहून मत मागतो, हा संस्कार त्या दुर्दैवी घटनेतही डोळ्यांत भरल्याखेरीज राहत नाही.

शेजारच्या दक्षिण कोरियातही दारोदार प्रचाराला बंदी आहे, मात्र तेथला रस्ता मुका नाही. एकाच रंगाचे सदरे घातलेले स्वयंसेवक चौकात गाण्यांच्या तालावर नाचतात, बोटांनी उमेदवाराचा क्रमांक दाखवितात. आपल्या वरातीची आठवण व्हावी असा प्रकार! पण त्या नाचगाण्यामागे एक कडक कलम उभे आहे. उमेदवाराकडून जेवण वा भेटवस्तू घेणाऱ्या मतदारालाही तेथे त्या वस्तूच्या किमतीच्या पन्नास पटीपर्यंत दंड होऊ शकतो. देणाऱ्याइतकाच घेणारा दोषी, ही गोष्ट आपल्याही कायद्याच्या पुस्तकात आहे. आपल्या सोसायटीत ती कोणाला लागू झालेली ऐकिवात नाही.

जर्मनीत दार वाजविण्यावर अशी सरसकट बंदी नाही, परंतु जर्मन मनुष्याला आपल्या उंबरठ्याचे खासगीपण प्रिय आहे. त्यामुळे तेथील पक्ष आठवडी बाजाराच्या चौकात छत्री उभारून बसतात, पत्रके आणि लेखण्या देतात, आणि ज्याला बोलावयाचे असेल तो थांबून बोलतो. दिव्यांच्या खांबांवर पत्रके लागतात. २००२ पासून नागरिक शिक्षणाच्या सरकारी संस्थेने एक प्रश्नावली सुरू केली आहे. अडतीस विधानांवर मतदाराने सहमत-असहमत नोंदवावयाचे आणि कोणता पक्ष आपल्या मतांच्या किती जवळ आहे ते संगणकाने सांगावयाचे. कोट्यवधी जर्मन ती सोडवितात. पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे मतदार यादीत नाव घालण्यासाठी जर्मन नागरिकाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. घर बदलले की पालिकेत रहिवासाची नोंद करणे बंधनकारक, आणि त्या नोंदीवरूनच मतदानाची सूचना टपालाने घरी येते. फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत तेथे ८२.५ टक्के मतदान झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या चिंचवडला पोटनिवडणूक झाली, तेव्हा जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. हा फरक उत्साहाचा आहे असे समजून आपण मतदारांना उपदेश करीत बसतो. वस्तुतः त्यातला बराच भाग यादीचा आहे. याकडे पुन्हा येईन.

जर्मनीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. त्या देशाचे राजकारण दीर्घकाळ ज्या पक्षाने चालविले, त्याच्या नावातच ख्रिश्चन हा शब्द आहे. अमेरिकेचा अध्यक्ष भाषणाच्या शेवटी ईश्वराचा आशीर्वाद मागतो. त्यावर आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांना कधी आक्षेपार्ह असे काही दिसलेले नाही. भारतात मात्र हिंदू हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला की लोकशाही धोक्यात येते! आपला कायदा याबाबतीत त्या देशांहून कडक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्म, जात वा भाषेच्या नावे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील निवडणूक खटल्यांचा निकाल देताना हिंदुत्व हा शब्द जीवनपद्धतीच्या अर्थाने वापरला जाऊ शकतो, त्याचा केवळ उच्चार म्हणजे धर्माच्या नावे मतयाचना नव्हे, असे स्पष्ट केले. पण त्याच कलमात जात हाही शब्द आहे, हे आपण सोयीने विसरतो का, असे आपणच आपल्याला विचारावयास हवे.

अमेरिकेबद्दल फार सांगत नाही. पंचवीस वर्षांत आपल्या वृत्तवाहिन्यांनी ते पुरेसे दाखविले आहे. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या खर्चावरील मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधी ठरविल्या, आणि तेव्हापासून पैशाला बांध उरलेला नाही. आपल्याला रस वाटावा असे उदाहरण एका मराठी माणसाचे आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार रसायनशास्त्र शिकावयास अमेरिकेला गेले, उद्योगात वर आले, एकदा कोसळले, पुन्हा उभे राहिले. २०१८ मध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली आणि पदरचे एक कोटी डॉलर्सहून अधिक त्यात ओतले. अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या वेळी, जेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर असतो, तेव्हा त्यांची जाहिरात झळकली. त्या स्पर्धेत ते तिसरे आले. पुढे २०२० मध्ये ते डेट्रॉइटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले, २०२२ मध्ये अमेरिकी संसदेत निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा. मोटारींच्या त्या शहराचा प्रतिनिधी मराठी, याचा अभिमान मोटारींच्या या शहराला वाटणे साहजिक आहे. मात्र लक्षात घ्या, अपरिचित माणसाने अमेरिकेत मतदाराच्या घरात शिरावयाचे तर दरवाजापेक्षा पडदा जवळचा, आणि पडद्याचे भाडे प्रचंड!

दुसरे मराठी मूळ आयर्लंडमधले. मालवण तालुक्यातील वराड हे लिओ वराडकरांच्या वडिलांचे गाव. लिओ २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०२२ मध्ये दुसऱ्यांदा. त्या देशात पंतप्रधानालाही आपल्या मतदारसंघात दार वाजवावे लागते, पावसात भिजत उभे राहावे लागते आणि गृहिणीची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. न येणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात. तेथील खांबांवरील निवडणूक फलकांचा नियम मला फार आवडतो : मतदानाच्या आधी जास्तीत जास्त तीस दिवस, आणि मतदानानंतर सात दिवसांच्या आत फलक उतरविलेच पाहिजेत, अन्यथा दंड. आपल्या शहरात निवडणूक नसतानाही वाढदिवसाचे, निवडीचे, पुण्यतिथीचे, दहीहंडीचे फ्लेक्स बारमाही फुललेले असतात. चौकातल्या सिग्नलपेक्षा भावी नगरसेवक मोठा दिसतो. एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे वादळात लोखंडी होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला. ते होर्डिंग व्यावसायिक जाहिरातीचे होते, राजकीय नव्हे. पण उंच सांगाड्यांची सवय शहराच्या डोळ्यांना कोणी लावली, हा प्रश्न राजकीय मंडळींनीही स्वतःला विचारावा असाच आहे.

एवढा प्रवास करून घरी येऊ. घर म्हणजे अगदी हेच, मावळ आणि खेड.

चाकणहून राजगुरुनगरकडे गेले की पुढे कडूस लागते. १९२१ साली रामभाऊ म्हाळगी तेथे जन्मले. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने सारे वातावरण पेटलेले असताना, ते भारतीय जनसंघाचे आमदार म्हणून निवडून आले ते याच मावळातून. त्या काळी प्रचारात शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचा डफ वाजत होता, आचार्य अत्र्यांची सभा म्हणजे तिकिटाविना नाटक होते. रामभाऊंकडे यातले काहीच नव्हते. त्यांचे वक्तृत्व मैदान गाजविणारे नव्हते. त्यांनी एक वेगळीच रीत घातली. वर्षभरात आपण लोकप्रतिनिधी म्हणून काय केले, कोणते प्रश्न विचारले, काय झाले आणि काय झाले नाही, याचा छापील वार्षिक अहवाल ते मतदारांपुढे ठेवू लागले. पुढे शुक्रवार पेठेतून आमदार आणि ठाण्यातून खासदार झाले तरी हिशेब देण्याचा हा नेम त्यांनी सोडला नाही. जाहीरनामा निवडणुकीपूर्वी सारेच काढतात. निवडणूक नसलेल्या वर्षी मतदाराच्या हाती कागद देणारा मनुष्य विरळा. मला तरी आज पाहिलेल्या कोणत्याही देशाच्या प्रचारतंत्रात याला तोड दिसत नाही, आणि ते आपल्या पंचक्रोशीत जन्मलेल्या माणसाने केले.

दुसरे नाव घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही. १९६३ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय जौनपूरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे होते. विरोधकांनी जातीचा प्रचार चालविला. त्याला जातीनेच उत्तर द्यावे, आपले ब्राह्मणत्व पुढे करावे, असा आग्रह पंडितजींना झाला. त्यांनी तो निग्रहाने नाकारला आणि ते पडले. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकांत डॉ. लोहिया, आचार्य कृपलानी, मिनू मसानी निवडून आले. जौनपूरची गोष्ट आपण बौद्धिकात सांगतो, आणि बौद्धिक संपल्यावर बाहेर येऊन प्रभागात कोणत्या जातीची किती मते याचा तक्ता मांडतो.

आता थोडे कटू बोलणार आहे. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत भारतीय जनता पक्षाला १२८ पैकी ७७ जागा मिळाल्या. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या महापालिकेत आपल्या विचाराच्या पक्षाला स्वबळाची सत्ता प्रथमच मिळाली. ज्यांनी निगडी-प्राधिकरणातल्या चार खोल्यांत बसून दशकानुदशके काम केले, त्यांचे डोळे त्या दिवशी पाणावले. निवडून आलेल्यांत दुसऱ्या पक्षांतून आलेले सहकारी पुष्कळ होते, हे सर्वश्रुत आहे. संघटना वाढते तेव्हा माणसे येतातच, त्यांचे स्वागतच करावयाचे असते. प्रश्न माणसांचा नाही. त्यांच्यासोबत प्रचाराची जी रीत आली तिचा आहे. आपली रीत त्यांनी घेतली, की त्यांची आपण?

पाहा ना. महिलांसाठी पैठणीचे खेळ होतात. निवडणुकीच्या तोंडावर सोसायटीला रंग लावून मिळतो, कॅमेरे बसतात, पाण्याची टाकी येते आणि सोसायटीचे पदाधिकारी चारशे मतांचा शब्द देतात, जणू ती मते त्यांच्या खात्यावर जमा आहेत. अमुक जिल्हा रहिवासी मेळावा, तमुक तालुका मित्रमंडळ असे मेळावे भरतात. ज्यांना शहराने एकत्र आणले त्यांना निवडणूक पुन्हा जळगाव, लातूर, बुलढाणा अशी वेगळी करते. सर्वांत खुपणारी गोष्ट म्हणजे देवदर्शनाच्या सहली. उज्जैन, काशी, कोल्हापूर! बस उमेदवाराची, जेवण उमेदवाराचे, आणि महाकालाच्या दारात उभ्या असलेल्या माउलीच्या पिशवीवर उमेदवाराचे छायाचित्र. जपानमध्ये कागदी पंख्यापायी मंत्रिपद जाते. हिंदू समाजाचे संघटन करणाऱ्यांनी देवदर्शनाला मताचे मोल लावलेले पाहून गप्प बसावे का? दुसरा करतो म्हणून मलाही करावे लागते, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. जौनपूरलाही तेच म्हणता आले असते.

आणि कार्यकर्ता? सभेत झेंडा धरणारा मुलगा हल्ली दिवसाच्या बोलीवर येतो, सकाळी एकाचे उपरणे आणि संध्याकाळी दुसऱ्याचे. पत्रके वाटण्याचे कंत्राट असते. यादीतले एक पान एका कार्यकर्त्याकडे सोपविणारी पन्नाप्रमुखाची योजना ही मूळची किती सुंदर कल्पना! जेमतेम दहा-पंधरा कुटुंबे, नावानिशी ओळख, बारमाही संपर्क. तिच्या जागी जर भ्रमणध्वनीवरचा एक संदेश शंभर गटांत ढकलून पान पूर्ण झाले असे कळविले जात असेल, तर ते पान कोरेच राहिले म्हणावयाचे. आरंभीचा भागाकार आठवा. कार्यकर्त्याला रोजंदारी लागू झाली की उमेदवाराची चाळीस लाखांची मर्यादा पहिल्या आठवड्यातच संपते. त्यानंतर जो हिशेब सादर होतो त्याला काय म्हणावयाचे, हे मी आपल्यावर सोपवितो.

दार वाजविणे आज कठीण झाले आहे, हे मला ठाऊक आहे. वाकड, ताथवडे, मोशी, चऱ्होलीच्या उंच इमारतींच्या फाटकावर सुरक्षारक्षक अडवितो. चिखली-तळवड्याच्या चाळींत तीन पाळ्यांतली माणसे राहतात, दुपारी बाराला एक झोपलेला असतो आणि रात्री दहाला दुसरा कामावर असतो. कायद्याने दार उघडे ठेवले, पण शहराच्या घडणीने ते लोटून घेतले. मात्र हे फाटक निवडणुकीच्या चौदा दिवसांत बंद असते. गणपतीत, पालखीत, रक्तदान शिबिरात, मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी, कोरोनाच्या त्या भयंकर दिवसांत जो आला होता त्याला रक्षक अडवीत नाही, वर दूरध्वनी करून सोडतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नव्हता, निवडणूक कधी होईल ते ठाऊक नव्हते. त्या काळात कोण दारी येत राहिले, हे प्रत्येक सोसायटीला नेमके आठवते.

तेव्हा आता यादीकडे येतो. जर्मनीत घर बदलले की मतदार यादी माणसामागे चालत येते. आपल्याकडे माणसाला यादीमागे जावे लागते. औशाहून, चाळीसगावहून आलेला कामगार येथे पंधरा वर्षे राहतो, कर भरतो, मुले शिकवितो, आणि त्याचे नाव गावच्या यादीतच असते. मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी द्यावी असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३५-ब कलम सांगते, पण गावी जाऊन येण्यास दोन दिवस लागतात आणि कंत्राटी कामगार तेवढी हिंमत करीत नाही. स्थलांतरितासाठी अर्ज क्रमांक आठ, नव्या मतदारासाठी अर्ज क्रमांक सहा. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख असे. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा आणखी तीन तारखा झाल्या आहेत. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलासाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. हे काम करताना कोणाला मत द्याल असे विचारावयाचे नाही. तो जपानी नियम आपण स्वतःहून पाळावा. चहा दिला तर घ्यावा.

सभागृहाच्या दारापाशी प्रभागनिहाय याद्या आणि दोन्ही अर्जांच्या प्रती ठेवल्या आहेत. प्रत्येकाने आपल्या इमारतीचे वा चाळीचे पान घेऊन जावे आणि त्यातली किती माणसे आता तेथे राहत नाहीत, किती नवी आली आहेत, याची खूण करून पंधरा दिवसांनी परत आणावे. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास आहे. रात्रपाळीला जाणाऱ्यांनी आधी विचारावे.